पाण्याचा रंग आणि आमिषाचा रंग

गळाने मासेमारी करणाऱ्यांसाठी बाजारात आज कृत्रिम आमिषांची रेलचेल आहे. लाकडाच्या वा प्लास्टिकच्या मासोळ्या, धातूचे चमचे, पाण्यात भिरभिरणाऱ्या पात्या, पिसांचे झुबके, मऊ रबरी कोळंब्या असे त्यांचे नाना प्रकार असून प्रत्येक प्रकार दहा-वीस रंगांत मिळतो. त्यामुळे नवशिक्याला पडणारा पहिला प्रश्न रंगाचा असतो. अनुभवी मच्छीमारही या प्रश्नावर एकमताने उत्तर देत नाहीत. कोणी लाल डोक्याच्या पांढऱ्या आमिषाची शपथ घेतो, तर कोणाला काळ्याशिवाय दुसरे काही चालत नाही. हौशी मासेमाराचे यात थोडे पैसे आणि एखादी सकाळ वाया जाते. परंतु लहान होडीतून सुरमईच्या मागे जाणाऱ्याचे इंधन खर्ची पडते, म्हणून त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

या मतभेदांचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. दुकानात दिसणारा आमिषाचा रंग हवेतला आणि भरपूर उजेडातला असतो. पाण्याखाली तो तसा राहत नाही. एकच आमिष अंदमानच्या निळ्या समुद्रात, कोकणातील खाडीत आणि हिमालयातील नदीत तीन वेगवेगळ्या रंगांचे होते. त्यामुळे कोणता रंग चांगला, हे विचारण्याआधी पाणी कोणते, हे विचारणे आवश्यक ठरते.

पाणी नावाची गाळणी

सूर्यप्रकाशात सर्व रंग मिसळलेले असतात. पाणी हे सर्व रंग सारख्या प्रमाणात आत सोडत नाही. ते लाल रंग सर्वांत लवकर शोषून घेते, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा रंग जातो, तर निळा सर्वांत खोलवर पोहोचतो. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाचा पाच मीटर अंतरानंतर पाचव्या हिश्श्याहूनही कमी भाग उरतो. दहा मीटरनंतर तो शंभरात जेमतेम तीन ते चार इतकाच राहतो. याउलट निळ्या प्रकाशाचा बराचसा भाग दहा मीटरनंतरही शिल्लक असतो आणि अत्यंत स्वच्छ महासागरात तो शंभर मीटरच्याही खाली जातो.

समुद्राच्या निळेपणाचा विचार करताना एका भारतीय शास्त्रज्ञाची आठवण होणे स्वाभाविक आहे. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे मत लॉर्ड रॅले यांनी मांडले होते. १९२१ मध्ये युरोपातून 'नारकुंडा' या जहाजाने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एका निकोल लोलकाच्या साहाय्याने पृष्ठभागावरील परावर्तन दूर करून पाहिले, तेव्हा समुद्राचा निळेपणा नाहीसा न होता उलट अधिक गडद दिसला. पाण्याच्या रेणूंकडून होणारे प्रकाशाचे विकिरण हे त्याचे कारण त्यांनी सांगितले आणि त्यासंबंधीचे टिपण मुंबई बंदरातून 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवले. याच विचारधारेतून पुढे १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आले. विकिरणाच्या जोडीला पाण्याकडून होणारे लाल रंगाचे शोषणही या निळेपणास कारणीभूत असते आणि आमिषाच्या बाबतीत हे शोषणच अधिक महत्त्वाचे आहे.

येथे एक बाब बहुधा दुर्लक्षिली जाते. आमिष किती खोल आहे, एवढेच पाहून चालत नाही. प्रकाश प्रथम पृष्ठभागापासून आमिषापर्यंत येतो आणि तेथून परावर्तित होऊन माशाच्या डोळ्यापर्यंत जातो. हे दोन्ही प्रवास पाण्यातूनच होतात. समजा, लाल आमिष अवघ्या एक मीटर खोलीवर आहे आणि मासा त्यापासून नऊ मीटर दूर आहे. प्रकाशाचा एकूण प्रवास दहा मीटरचा झाला, म्हणजे लाल रंग माशापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. त्याला दिसते ती एक काळपट आकृती. मासा धाव घेऊन दीड-दोन मीटरवर आला की मग त्याच आमिषाचा लाल रंग उघड होतो. प्रत्येक आमिषाचा एक दुरून दिसणारा आणि एक जवळून दिसणारा, असे दोन रंग असतात. मासा वळतो तो पहिल्या रंगामुळे. दुसऱ्यामुळे तो तोंड उघडतो किंवा शेवटच्या क्षणी मागे फिरतो.

'खोल पाण्यात लाल आमिष अदृश्य होते' हे विधान वारंवार केले जाते, ते या दृष्टीने अर्धवट आहे. अदृश्य होतो तो लाल रंग. आमिष काळे होऊन तेथेच असते. उजळ निळ्या किंवा हिरव्या पाण्याच्या पार्श्वभूमीवर काळी आकृती चांगलीच उठून दिसू शकते. लाल आमिषाला मिळालेल्या यशाचे श्रेय कित्येकदा प्रत्यक्षात काळ्या रंगाला द्यावे लागेल.

निळे, हिरवे आणि तांबडे पाणी

शुद्ध पाण्याचे नियम सर्वत्र जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण पाण्यात आणखी बरेच काही असते. किनाऱ्यालगतच्या समुद्रात आणि सुपीक तलावांत सूक्ष्म वनस्पतिप्लवक मोठ्या प्रमाणावर असतात. त्यांतील हरितद्रव्य निळा आणि लाल असे दोन्ही प्रकाश शोषून घेते. परिणामी येथे सर्वांत खोल जाणारा रंग हिरवा असतो. पालापाचोळा कुजून पाण्यात उतरणारी पिवळसर द्रव्ये निळा आणि जांभळा प्रकाश खाऊन टाकतात, तेव्हा चहाच्या रंगाच्या अशा पाण्यात पिवळा, नारिंगी व लाल प्रकाशच त्यातल्या त्यात टिकतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवरून येणारी जांभ्याची तांबडी माती कोकणातील नद्या-खाड्यांना वेगळेच रूप देते. मातीचे कण प्रकाश शोषतात आणि त्याचबरोबर चहूकडे उधळूनही देतात. त्यामुळे रंग बदलतो आणि दिसण्याचे अंतरही काही सेंटिमीटरपर्यंत येऊन ठेपते.

हिमालयात याचा आणखी एक प्रकार पाहावयास मिळतो. हिमनद्यांच्या घर्षणाने झालेले खडकांचे पीठ उन्हाळ्यात नद्यांत उतरते आणि पाणी करडे, दुधाळ होते. झऱ्यांवर आणि पावसावर पोसलेल्या नद्या मात्र पावसाळा सोडला तर नितळ असतात. उत्तराखंडात व्यासघाट येथे नयार नदी गंगेला मिळते, तर पंचेश्वर येथे सरयू व काली यांचा संगम होतो. महासीरच्या मासेमारीसाठी ही ठिकाणे फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. दोन प्रकारची पाणी जेथे मिळतात त्या सीमारेषेवर मासा दबा धरून राहतो, हे तेथील जाणकारांना ठाऊक असते. अशा ठिकाणी एकाच फेकीत आमिष एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते आणि त्याचे रूपही वाटेत पालटते.

मासा काय पाहतो?

पाण्याने गाळून दिलेला प्रकाश पुढे माशाच्या डोळ्यात शिरतो आणि तेथे तो आणखी एकदा गाळला जातो. माणसाप्रमाणेच माशाच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. परंतु कोणत्या माशाजवळ किती प्रकारच्या शंकुपेशी आहेत, यात जातीजातीत फरक आहे. गोल्डफिशला चार प्रकारच्या शंकुपेशी असून त्याला अतिनील किरणेही जाणवतात. तपकिरी ट्राउट माशाच्या पिलांना अतिनील प्रकाश दिसतो, मात्र वाढत्या वयाबरोबर ही क्षमता ओसरते. गोड्या पाण्यातील अनेक माशांच्या डोळ्यांत पॉर्फिरॉप्सिन हे रंगद्रव्य असते, त्यामुळे त्यांची दृष्टी लाल रंगाकडे अधिक झुकलेली असते. त्यांच्या पिवळसर, तपकिरी पाण्यात उरणाऱ्या प्रकाशाशी ती सुसंगतच म्हटली पाहिजे. या रंगद्रव्याचा शोध लावणारे जॉर्ज वॉल्ड यांना दृष्टिविषयक संशोधनासाठी १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अमेरिकेत गळाच्या मासेमारीत सर्वाधिक लोकप्रिय असलेल्या लार्जमाउथ बास या माशाविषयी इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या माशाला दोनच प्रकारच्या शंकुपेशी आहेत, एक हिरव्या प्रकाशाला आणि दुसरी लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारी. संशोधकांनी माशांना विशिष्ट रंगाकडे गेल्यास खाद्य मिळेल असे शिकवले. लाल आणि हिरवा रंग त्यांनी फारशी चूक न करता ओळखला. पोपटी झाक असलेला पिवळा आणि पांढरा यांत मात्र त्यांचा गोंधळ झाला, तसाच गडद निळा आणि काळा यांतही झाला. मासेमाराच्या पेटीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली दोन आमिषे माशाच्या लेखी एकच असू शकतात, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

याहून गमतीची गोष्ट माकुलांची आहे. माकूल पकडण्यासाठी गुलाबी, नारिंगी, हिरव्या अशा भडक रंगांच्या, खाली काट्यांचा झुबका असलेल्या कृत्रिम कोळंब्या विकल्या जातात. आणि माकुलाच्या बहुतेक जातींच्या डोळ्यांत एकच दृष्टिद्रव्य असते, म्हणजे रूढ अर्थाने त्यांना रंग दिसतच नाहीत. प्रकाशाचे ध्रुवीकरण त्यांना कळते आणि उजळ-गडद यांतला फरकही चांगला कळतो. तेव्हा गुलाबी कोळंबी चालली आणि हिरवी चालली नाही, असा अनुभव आला असेल तर त्याचे कारण दोन्हींच्या उजळपणात शोधावे लागेल. रंगांचे हे प्रदर्शन बव्हंशी गिऱ्हाइकासाठीच मांडलेले असते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

उठाव महत्त्वाचा

वरील विवेचनावरून एक गोष्ट लक्षात येते. आमिष पार्श्वभूमीवर किती उठून दिसते, हा खरा प्रश्न आहे. पार्श्वभूमीपेक्षा ते पुरेसे उजळ तरी हवे किंवा पुरेसे गडद तरी. पाण्याच्याच रंगाचे आणि पाण्याइतकेच उजळ आमिष पाण्यात विरघळून जाते. हिरव्या पाण्यात हिरवे आमिष वापरावे, असा ठोकताळा सांगितला जातो. हिरवा प्रकाश तेथे उपलब्ध असल्याने हिरवे आमिष उजळ दिसते हे खरे, पण भोवतालचे पाणीही तितकेच हिरवे उजळ असेल तर त्याचा उपयोग काय? त्याऐवजी पोटाशी पांढरे व पाठीवर गडद, किंवा अंगावर काळे पट्टे असलेले आमिष अधिक उपयोगी पडते.

मासा आमिषाकडे कोठून पाहतो, यालाही महत्त्व आहे. खालून वर पाहणाऱ्या माशाला अपवर्तनामुळे सारे आकाश सुमारे ९७ अंशांच्या एका वर्तुळाकार झरोक्यात एकवटलेले दिसते. या तेजस्वी झरोक्यापुढून जाणारी कोणतीही अपारदर्शक वस्तू, मग ती पांढरी असो की पिवळी, काळीच भासते. म्हणूनच पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषाच्या पाठीवरची नक्षी कारागिराचे कौतुक करण्यापुरतीच असते. मासा ती क्वचितच पाहतो. पहाटे, संध्याकाळी आणि चांदण्या रात्री काळे आमिष चालते, ते याच कारणाने. अंधुक आकाशापुढे सर्वांत स्पष्ट छाया त्याचीच पडते. शिवाय उजेड ओसरला की शंकुपेशींचे काम थांबते, दंडपेशी पुढे येतात आणि माशाचे जग रंगहीन होते. बहुतेक अस्थिमत्स्यांना माणसासारखी बाहुली लहानमोठी करता येत नाही. दृष्टिपटलातील पेशी मागेपुढे सरकवून ते उजेडाशी जुळवून घेतात आणि याला बराच अवधी लागतो. तिन्हीसांजेला लहान मासे गोंधळतात आणि शिकारी मासे त्या वेळी साधून घेतात, याच्या मुळाशी डोळ्यांतील हे स्थित्यंतर असल्याचे मानले जाते.

नितळ पाण्यात

पाणी नितळ असले की माशाला आमिष दुरून दिसते आणि निरखून पाहण्यास वेळही मिळतो. येथे भडकपणा अंगाशी येतो. काश्मीरमधील लिद्दरसारख्या नद्यांत ब्रिटिश काळात आणून सोडलेला ट्राउट किंवा हिवाळ्यातील हिमालयीन नद्यांतला महासीर, दोघेही सावध मासे. त्यांच्यासाठी तेथील लहान माशांशी मिळतेजुळते, म्हणजे पाठीवर करडे-हिरवे, कुशीला रुपेरी आणि पोटाशी पांढरे आमिष योग्य ठरते. महासीर हा दूरचा मासा नाही. महाराष्ट्रात त्याला खडस म्हणतात आणि दख्खनी महासीरचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' हे याच बोलीतील नावावरून आलेले आहे. विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून ते दिले.

रुपेरी चमच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. चकचकीत रुपेरी पृष्ठभागाला स्वतःचा रंग नसतो. तो आरशाप्रमाणे भोवतालचा प्रकाश परत करतो. तारली, बांगडा यांसारख्या माशांच्या अंगावरची चकाकी हे मुळात लपण्याचेच साधन आहे; कुशीवरच्या आरशात पाण्याचेच प्रतिबिंब पडल्याने ते पाण्यात मिसळून जातात. चमचा उपयोगी पडतो तो गिरक्या घेताना क्षणोक्षणी सूर्याचा झोत परावर्तित करतो म्हणून. मळभ आले किंवा पाणी गढूळ झाले की हा झोत मिळत नाही आणि उरतो तो केवळ पाण्याचेच प्रतिबिंब दाखवणारा आरसा. अशा वेळी पितळी वा तांब्याचा चमचा बरा, असा अनुभव सांगितला जातो. पिवळसर पाण्यात उरलेला प्रकाश या धातूंकडून चांगला परावर्तित होत असल्याने त्यात तथ्य आहे. चकाकीचे महत्त्व जुन्या कारागिरांनाही कळलेले होते. फिनलंडमधील लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाच्या लाकडातून आपले पहिले आमिष कोरले, तेव्हा त्यावर चॉकलेटची चांदी चढवली आणि छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून तिचे लुकण दिले.

खाडीतले गढूळ पाणी

कोकणच्या खाड्यांतील जिताडा, तोच बंगालमधील भेटकी, हा भरतीच्या पाण्याबरोबर खारफुटीच्या मुळांशी येऊन बोय आणि कोळंबीची वाट पाहणारा मासा. गरी टाकून त्याला पकडणाऱ्यांना पाण्याचा रंग तिथीनुसार पाहावा लागतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरकस असतो, तळाची रेव आणि चिखल ढवळून निघतो. भांगाच्या भरतीला पाणी मंदावते, गाळ खाली बसतो आणि तीच खाडी तुलनेने स्वच्छ होते. म्हणजे रविवारी उपयोगी पडलेले आमिष पुढच्या रविवारी निरुपयोगी ठरणे अगदीच शक्य आहे. त्यात नशिबाचा भाग थोडा आणि चंद्राचा अधिक.

गढूळ पाण्यात दोन मार्ग संभवतात. एक काळ्याचा. दुसरा प्रतिदीप्त रंगांचा. हे दुसरे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. साधा नारिंगी रंग फक्त नारिंगी प्रकाश परत करतो. तो प्रकाश पाण्यात नसेल तर हा रंग मावळतो. प्रतिदीप्त नारिंगी रंग मात्र निळा, हिरवा असा आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो आणि त्याचे रूपांतर करून नारिंगी प्रकाश बाहेर टाकतो. त्यामुळे नारिंगी प्रकाश जेथे पोहोचत नाही, तेथेही तो नारिंगीच दिसतो आणि भोवतालापेक्षा उजळ दिसतो. हिरवट गढूळ पाण्यात पोपटी-पिवळा व नारिंगी हे प्रतिदीप्त रंग इतके का चालतात, याचा उलगडा येथे होतो. परंतु या रंगांना उत्तेजित करण्यासाठी काही ना काही प्रकाश लागतोच. रात्री ते निष्प्रभ होतात. अंधारात चमकणारी स्फुरदीप्त आमिषे निराळी. बॅटरीचा उजेड दाखवल्यानंतर ती काही काळ स्वतःच मंद हिरवी प्रकाशत राहतात.

मातीने लाल झालेल्या पाण्यात नारिंगी आमिष घ्यावे की नाही, याबाबत ठाम नियम सांगता येत नाही. पार्श्वभूमीच नारिंगी असल्याने साधे नारिंगी आमिष तीत हरवण्याचा संभव असतो, प्रतिदीप्त नारिंगी कदाचित टिकते, काळ्याची खात्री अधिक. आणि पाणी इतके दाट झाले की वीतभर अंतरावरचे दिसेनासे व्हावे, तेव्हा रंगाची चर्चा बाजूला ठेवलेली बरी. माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणारी पार्श्वरेखा पाण्यातील सूक्ष्म हेलकावे टिपते. अशा वेळी मासा तिच्याच आधारे शिकार करतो. तेथे खुळखुळणारे, शेपटी जोराने हलवणारे, आकाराने मोठे आमिष हळू ओढणे हाच उपाय उरतो.

उघड्या समुद्रात

किनारा सोडून निळे पाणी लागले की हिशेब पुन्हा बदलतो. सुरमईसाठी होडीमागे तंगूस सोडून ओढले जाणारे आमिष पृष्ठभागापासून फार खाली नसते, पण सुरमई त्याच्यावर दुरून आणि अतिशय वेगाने येते. तिच्या नजरेस प्रथम पडते ती पांढऱ्या-रुपेरी अंगाची चमक. लाल डोक्याचे पांढरे आमिष जगभर टिकून राहिले आहे, त्याचे रहस्य यातच असावे. दुरून त्याचे डोके काळे आणि अंग पांढरे दिसते. एकाच आमिषात उजळ आणि गडद अशा दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. लक्षद्वीपमध्ये, विशेषतः मिनिकॉय बेटावर, काठी आणि गळाने कुप्पा पकडण्याची जुनी पद्धत आहे. तेथे जिवंत लहान मासे पाण्यात टाकून थवा होडीजवळ आणतात आणि मग उलटा काटा नसलेला चकाकता गळ वापरतात. थवा एकदा खाण्यावर तुटून पडला की रंगाची चिकित्सा करण्यास कोणत्याही माशाला उसंत नसते.

प्रयोग काय सांगतात?

रंगामुळे प्रत्यक्षात किती फरक पडतो, याची पद्धतशीर तपासणी फारशी झालेली नाही. बास माशावर कॅनडातील संशोधकांनी केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच प्रकारची, परंतु वेगवेगळ्या रंगांची आमिषे वापरण्यात आली. ठरावीक वेळात मिळणाऱ्या माशांच्या संख्येत रंगानुसार लक्षणीय फरक आढळला नाही. भडक रंगांवर मात्र तुलनेने मोठे मासे लागल्याचे दिसले. हा एका जातीच्या माशाचा अनुभव आहे, तो जसाच्या तसा जिताड्याला लावता येणार नाही. तरीही खोली, वेग आणि आकार चुकलेला असेल तर रंग बदलून फारसे काही साधत नाही, हे लक्षात घेण्यास हरकत नाही. रंग हे यादीतले शेवटचे कलम आहे. मासेमार बहुधा त्याच्यापासूनच सुरुवात करतो, कारण पेटीतून दुसरे आमिष काढणे हे सर्वांत सोपे असते.

पाण्याची पारख करण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. १८६५ मध्ये इटलीतील धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात, याची मोजणी केली. ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. वजन बांधलेली पांढरी बशी आणि गाठी मारलेली दोरी एवढ्यावर काम भागते. बशी तीन-चार मीटरपर्यंत दिसत असेल तर आमिष नैसर्गिक रंगाचे घ्यावे. मीटरभरातच ती हिरवट होऊन लुप्त होत असेल तर प्रतिदीप्त पिवळे किंवा पांढरे-काळे घ्यावे. वीत-दीड वीत खोलीवरच नाहीशी झाली तर काळे, मोठे आणि आवाज करणारे. हेच आमिषालाही लागू करता येते. ते दोरीने खाली सोडून पाण्यात कोणत्या रंगाचे होते हे काठावरून पाहिले, तर दुकानातला रंग आणि पाण्यातला रंग यांतले अंतर तत्काळ कळते. फक्त आपला डोळा माशाचा नाही, एवढे भान ठेवले पाहिजे.

नद्यांत आणि तलावांत गळ टाकण्यापूर्वी संबंधित राज्याच्या मत्स्य वा वन विभागाचे नियम आणि परवाना पाहून घेणे आवश्यक असते. महासीरसारखा मासा पकडला तरी तो पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा आता बरीच रुळली आहे आणि त्यासाठी उलटा काटा दाबून सपाट केलेला गळ वापरला जातो.

पाण्याचा गढूळपणा हा मासेमाराला एखाद्या दिवसापुरती अडचण करतो. माशांच्या बाबतीत तो याहून दूरगामी ठरू शकतो. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड कुळातील मासे जोडीदार निवडताना रंगावर विसंबतात. पाण्यात पोषकद्रव्ये वाढून ते गढूळ झाले तशा या माशांना एकमेकांचे रंग दिसेनासे झाले, जवळच्या जातींमध्ये संकर होऊ लागला आणि त्यांच्यातील भेद पुसट होत गेला, असे ओले सीहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले. आपल्याकडे वाळूउपसा, धरणांतून अवेळी सोडले जाणारे पाणी आणि उतारांवरून वाहून येणारी माती यांमुळे नद्यांची नितळता कमी होते, तेव्हा डोळ्यांवर विसंबून शिकार करणाऱ्या माशांचे भक्ष्य त्यांच्या नजरेआड जाते. नदीकाठी वर्षानुवर्षे गळ टाकणाऱ्यांना हा बदल प्रथम जाणवतो. पूर्वी हिवाळाभर रुपेरी चमच्यावर लागणारा खडस आता त्याकडे फिरकत नसेल, तर चमचा बदलण्याआधी त्या जागी बशी सोडून पाहावी आणि मिळालेला आकडा तारखेसह वहीत नोंदवून ठेवावा.